“भाऊ, व्हॉल्व्ह वाकला तर सरळ करून द्या ना!”

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या आमच्या नागपूरकर ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“भाऊ, चालता चालता गाडी झटकन बंद पडली. आता सेल्फ मारला की नुसती फिरून राहिली, पकडतच नाही. आवाजही हलका येऊन राहिला.” असा फोन आला की आमचं पहिलं वाक्य ठरलेलं: चावी काढून घ्या, पुन्हा सेल्फ मारू नका आणि धक्का तर अजिबात नको.

हा ‘हलका आवाज’ ओळखायला शिका. धडधाकट इंजिनाचा सेल्फ घर्र... घर्र... असा अडखळत फिरतो, कारण प्रत्येक सिलिंडर हवा दाबताना त्याला थोडा रोखतो. तोच आवाज शिलाई मशीनसारखा एकसुरी येऊ लागला तर दाब कुठंच धरला जात नाही. बहुतेक वेळा टायमिंग बेल्ट तुटलेला असतो. खात्री करायला वरचं प्लास्टिकचं कव्हर काढून पाहता येतं. बहुतेक गाड्यांत त्याला दहा नंबरचे तीन-चार बोल्ट असतात.

बेल्टचं काम क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह म्हणजे हवा-धुराच्या झडपा उघडणारा दांडा) यांना एका तालात ठेवण्याचं. इंजिन ३००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांवर, असलं तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. बेल्ट तुटला की कॅम आहे तिथं थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि खालून येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. व्हॉल्व्हची दांडी पेन्सिलीएवढी, ती वाकणारच. सगळ्याच इंजिनांत असं होत नाही. काहींत पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये पुरेशी जागा सोडलेली असते. तिथं नवा बेल्ट टाकून टायमिंग बसवलं की गाडी चालू. डिझेलमध्ये ही जागा फारच थोडी, म्हणून तिथं सुटका क्वचितच. जुन्या पेट्रोल अॅम्बेसेडर आणि पेट्रोल पद्मिनीवाल्यांना बेल्टची काळजी नाही, त्यांच्याकडे चेन आहे.

आता मुख्य प्रश्न. वाकलेला व्हॉल्व्ह सरळ होतो का? ठोकून, लेथवर धरून डोळ्याला सरळ दिसेल इतका होतो. पण आम्ही तो बसवत नाही. एकदा वाकलेलं पोलाद त्या जागी कमजोर पडतं, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह तर सतत लालभडक होण्याइतक्या उष्णतेत काम करतो. आमचीच चूक सांगतो. धंदा नवीन होता. एका गिऱ्हाइकाचे चार पैसे वाचावेत म्हणून जरासा वाकलेला व्हॉल्व्ह सरळ करून, घासून बसवला. गाडी सुरू झाली, गिऱ्हाईक खूश. काही आठवड्यांनी बुटीबोरीच्या रस्त्यावर त्या व्हॉल्व्हची थाळी, म्हणजे दांडीच्या टोकाची चकती, मानेपासून तुटून सिलिंडरमध्ये पडली. पिस्टनला भोक, हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) खड्डे. खर्च आम्ही भरला. तेव्हापासून वाकलेला म्हणजे बाद.

हेड उतरवल्यावर आम्ही काय करतो

काही हौशी ग्राहक हे काम अंगणात स्वतः करतात, आणि नीट करतात. त्यांनाही हे उपयोगी पडेल. व्हॉल्व्ह काढताना क्रम बिघडू देऊ नका. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याला भोकं पाडा, आकडे टाका आणि एकेक त्यात खोचा. वाक तपासायला काचेचा सपाट तुकडा घ्या. दांडी काचेवर आणि थाळी काचेच्या कडेबाहेर ठेवून हळू लोळवा. थाळी डुलताना दिसली की तो गेला. डुलली नाही तरी आम्ही डायल गेजवर बघतोच, कारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा वाक डोळ्याला कळत नाही.

व्हॉल्व्ह वाकला असेल तर त्याच्या गाईडवरही, म्हणजे दांडी ज्यात सरकते त्या नळीवरही, ताण आलेला असतो. गाईड चिरलं किंवा सैल झालं असेल तर नवा व्हॉल्व्हही वाकडाच बसेल. मग घासाई, म्हणजे थाळी हेडमधल्या तिच्या बैठकीवर (सीटवर) घासून घट्ट बसवणं. पेस्टचा पातळ हात, रबरी काठी दोन्ही तळव्यांत रवीसारखी फिरवायची, मध्येमध्ये उचलून जागा बदलायची. थाळीवर सगळीकडे सारख्या रुंदीचं राखाडी कडं उमटलं की झालं. ते कुठं तुटलं असेल तर सीट कापावी लागते, नुसतं घासत राहून उपयोग नाही. पेस्ट पूर्ण धुवून काढा. ती म्हणजे शेवटी वाळूच. बेअरिंगमध्ये गेली तर इंजिन खाते.

शेवटी हेड उलटं ठेवून थाळ्यांवर डिझेल ओता आणि पोर्टमधून डोकवा. आत ओल झिरपली तर पुन्हा घासा. ऑइल सील आणि हेडचं पॅकिंग नवं, बोल्ट कंपनीने ‘एकदाच वापरा’ म्हटले असतील तर तेही नवे. टायमिंग बसवल्यावर प्लग काढून क्रँक पान्याने पूर्ण दोन फेरे हातानं फिरवायचा. कुठं अडला तर जोर लावू नका, थांबा. इथं जोर लावणाऱ्याचे नवे व्हॉल्व्ह त्याच संध्याकाळी वाकतात.

इंजिन घरी धुताना

हा विषय याच पत्रकात का, तर आमच्याकडे येणाऱ्या तुटक्या बेल्टांपैकी काहींवर डिझेलचा वास असतो. पंपाने डिझेल मारून इंजिन चकाचक करायची सवय. जुन्या गाडीत टायमिंगचं कव्हर तडकलेलं, एखादा बोल्ट हरवलेला, आणि डिझेल थेट बेल्टवर. रबर फुगतं, मऊ पडतं, दात सुटतात. कॅमच्या सीलमधून गळणारं ऑइलही हेच करतं. त्यात नवतप्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की बॉनेटखालच्या रबराचं काय होत असेल, विचार करा. म्हणून गाडी कमी फिरली तरी बेल्ट वर्षांच्या हिशोबानेही बदलायचा. किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

धुवायचं तर असं. इंजिन पूर्ण थंड. गरम हेडवर गार पाणी पडलं तर ते वाकू किंवा तडकू शकतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. अल्टरनेटर, कॉइल किंवा डिस्ट्रिब्युटर, हवेच्या फिल्टरचं तोंड यांवर पिशव्या बांधा. आधी कडुनिंबाची सुकलेली पानं आणि धूळ कोरड्या ब्रशने काढा. चिकटावर डिग्रीझर, जुना टूथब्रश, मग ओल्या फडक्याने पुसणं. प्रेशर पंप नको. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने जाते.

इंजिन आतून साफ करायचं फ्लश जुन्या, काळं घट्ट ऑइल साचलेल्या इंजिनात टाकू नका. गाळ एकदम सुटतो आणि ऑइल पंपाची जाळी तुंबते. त्यापेक्षा पुढची दोन-तीन ऑइलं लवकर बदला, गाळ हळूहळू निघतो.

पावसाचं वेगळं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा अनेक गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाडीला सेल्फ मारला आणि सिलिंडरमध्ये पाणी असलं तर व्हॉल्व्हच्या आधी कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) वाकू शकतो. पाणी दाबलं जात नाही. गाडी ओढून आणा, आम्ही प्लग काढून पाणी बाहेर काढू.

शंका असेल तर आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या, हेड उघडायची घाई नको. एखाद्या सिलिंडरचा दाब बाकीच्यांपेक्षा फार कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतो. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह. आकडे तुमच्यासमोर कागदावर लिहून देतो. बदललेले जुने व्हॉल्व्ह बिलासोबत पिशवीत मिळतील, घरी काचेवर लोळवून बघा. आणि घरी काढलेलं जळकं ऑइल नालीत टाकू नका. डब्यात भरून आणा, आम्ही ठेवून घेतो.