अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन मंडळीत नवा पाळक: प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

चर्च ऑफ नॉर्थ इंडियात वाढलेल्यांना पाळकसाहेबांची बदली ओळखीची असते. बिशप आणि डायोसिस (बिशपच्या हाताखालचा धर्मप्रांत) ठरवतात, मंडळी (त्या चर्चचे सभासद) स्वागत करते. अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन चर्च यूएसएमध्ये बिशपच नाही. (मिरजेचं वानलेस रुग्णालय १८९४ मध्ये उभं राहिलं ते अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनमुळेच, त्यामुळे ही परंपरा आपल्याला तशी परकी नाही.) या चर्चमध्ये पाळक मंडळीच शोधते आणि मंडळीच निवडते, पण त्या भागातल्या मंडळ्यांची मिळून असलेली प्रेसबिटरी मान्यता देईपर्यंत निवड पक्की होत नाही. मंडळी, प्रेसबिटरी आणि पाळक या तिघांचा होकार लागतो. एकाचा जरी राहिला, तरी बाकीचं सगळं काम थांबतं.

आधी परवानगी, मग समिती

पाळक गेल्यावर सेशनने, म्हणजे सभासदांनी निवडलेल्या वडीलजनांच्या (एल्डरांच्या) मंडळाने, आधी प्रेसबिटरीशी बोलायचं. बऱ्याच प्रेसबिटऱ्या शोधाआधी मंडळीचा अभ्यास मागतात: सभासद किती, रविवारी येतात किती, जमाखर्च, आसपासची वस्ती, पुढे कोणती सेवा करायची आहे. यात काही महिने जातात आणि ते जाऊ द्यावेत. देणग्या घटत असताना ‘मंडळी वाढते आहे’ असं लिहिलं, तर नव्या पाळकाला पहिल्याच अंदाजपत्रकात खरं काय ते कळतं आणि विश्वास तिथेच तुटतो.

शोधसमिती सेशनने नेमायची नसते. ती मंडळीच्या सभेत निवडून यावी लागते आणि तिच्यात सगळ्या मंडळीचं प्रतिबिंब हवं: तरुण, वृद्ध, स्त्रिया, पुरुष, नवे सभासदही. सात किंवा नऊ जण सोयीचे पडतात. एकाच घरातले दोघे नकोत.

मधल्या काळासाठी हंगामी पाळक असतो. त्याचा करार एका वेळी जास्तीत जास्त बारा महिन्यांचा, पुढे वाढवता येणारा. लोकांचा जीव त्याच्यावर जडतो आणि ‘यांनाच ठेवू या’ ही मागणी येते. सामान्यतः तो पुढचा कायम पाळक होऊ शकत नाही. प्रेसबिटरीने तशी मुभा ठेवली असेल, तरी प्रत्येक वेळी प्रेसबिटरीच्या सभेत उपस्थितांपैकी तीन-चतुर्थांश मतं लागतात. हे पहिल्याच महिन्यात मंडळीला स्पष्ट सांगावं. उशिरा सांगितलं की फार दुखावतं.

कोण अर्ज करू शकतो, काय जोडायचं

या चर्चचा दीक्षित पाळक, किंवा शिक्षण आणि दीक्षापूर्व परीक्षा पूर्ण करून प्रेसबिटरीने तयार ठरवलेला उमेदवार. परस्परमान्यतेच्या १९९७ च्या करारामुळे इव्हॅन्जेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका, रिफॉर्म्ड चर्च इन अमेरिका आणि युनायटेड चर्च ऑफ ख्राईस्ट यांच्या पाळकांनाही वाट मोकळी आहे.

उमेदवाराने चर्चच्या ऑनलाइन नोंदणीत आपली माहिती भरायची, संदर्भ देणाऱ्यांची नावं द्यायची, लैंगिक गैरवर्तनाबाबतचं स्वयंघोषणापत्र आणि पार्श्वभूमी तपासणीची संमती द्यायची. प्रवचनांच्या ध्वनिफिती किंवा चित्रफितीही लागतात. मंडळीने आपली माहिती सेशनच्या आणि प्रेसबिटरीच्या मंजुरीनेच प्रसिद्ध करायची.

गुप्तता पाळणं सगळ्यात कठीण. उमेदवार बहुधा दुसऱ्या मंडळीत सेवेत असतो. उपासनेनंतर चहा घेताना एखादं नाव निसटलं, तर त्याची तिथली सेवा अडचणीत येते. म्हणून त्याचं प्रवचन ऐकायला समितीने तिसऱ्याच चर्चमध्ये जावं. तपासणी आणि प्रेसबिटरीकडून प्रेसबिटरीकडे होणारी विचारपूस तोंडी शब्द देण्याआधी उरकावी.

पगार आणि अटी

प्रेसबिटरीच्या किमान पगारापेक्षा कमी देता येत नाही. वर वैद्यकीय विमा आणि निवृत्तिवेतन. अमेरिकन करकायद्यात पाळक सोशल सिक्युरिटीपुरता (सरकारी निवृत्तिवेतन योजनेपुरता) स्वयंरोजगारी धरला जातो, म्हणजे १५.३ टक्के कराचा सगळा भार त्याच्यावर येतो. मंडळी त्यातला काही भाग उचलणार असेल, तर तो अटींत लिहा. घरभत्त्याची करसवलत हवी असेल, तर रकमेचा ठराव आधीच झालेला लागतो. मागाहून केलेला ठराव मागच्या महिन्यांना लागू होत नाही.

मतदानाचा दिवस

समिती एकच नाव मांडते. विशेष सभेच्या सूचनेत लिहिलेल्या विषयांपलीकडे काहीच चर्चेला घेता येत नाही, म्हणून सूचनेत निवड आणि सेवेच्या अटी दोन्ही स्पष्ट हव्यात. एक विषय राहिला तर पुन्हा सभा. मत फक्त हजर असलेल्या सक्रिय सभासदांचं. चिठ्ठी देऊन शेजाऱ्याला पाठवणं चालत नाही. कायम पाळक नसल्याने अध्यक्षाची सोय प्रेसबिटरी करते. बहुमत मिळालं, पण विरोध मोठा असेल, तर समितीने उमेदवाराला आकडे लपवू नयेत. येणाऱ्या कुटुंबाला ते कळण्याचा हक्क आहे.

यानंतर प्रेसबिटरी उमेदवाराची श्रद्धा, ईश्वरविज्ञान, संस्कार (बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन) आणि चर्चचा कारभार यांवर परीक्षा घेते. मान्यता मिळाली की पाळकाला पदावर बसवण्याचा स्थापनाविधी, आणि त्यात प्रश्न फक्त पाळकाला नसतात, मंडळीलाही विचारले जातात.

भारतातून येणाऱ्या पाळकासाठी आर-१ व्हिसा (धर्मसेवकांसाठीचा तात्पुरता व्हिसा) लागतो: मंडळीने त्यासाठीचा आय-१२९ हा सरकारी अर्ज भरायचा, अर्जाआधीची सलग दोन वर्षं उमेदवार त्याच संप्रदायाचा सभासद असावा लागतो, पहिली मुदत तीस महिन्यांपर्यंत, एकूण पाच वर्षं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं सभासदत्व ‘त्याच संप्रदायाचं’ म्हणून आपोआप धरलं जाईल असं मानू नका. वकिलाचा सल्ला मतदानाआधी घ्या.