टँक लख्ख झाला आणि मासे गेले

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी साडेसातला खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अगं, दोन गेले. उरलेले दोघं वर येऊन नुसती तोंडं उघडतायत. येतेस का जरा?" पाणी तपासायच्या टेस्ट किटचा डबा उचलला आणि खाली गेले. ६० लिटरचा टँक, चार गोल्डफिश, त्यांतले दोन वाटीत काढून ठेवलेले. टँक मात्र कधी नव्हे इतका लख्ख दिसत होता. शनिवारी दुपारी काका-काकूंनी काच घासली, खडे चाळणीत घेऊन धुतले, अर्धं पाणी बदललं. फिल्टरचा स्पंज पार तपकिरी, बुळबुळीत झाला होता, तोही नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. कष्टात काही कसर नव्हती.

काका म्हणाले, "जाऊ दे. घरावर काहीतरी येणार होतं, ते त्यांनी आपल्या अंगावर घेतलं."

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता ते ऐकलं की जीव तुटतो. आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवा, टँक अमुक दिशेला ठेवा, मासा मेला तर पीडा टळली समजा आणि लगेच दुसरा आणून सोडा. यात भोळेपणापेक्षा मोठं नुकसान आहे. मरणाचं कारण आधीच ठरलेलं असलं की पाणी तपासायचं कुणालाच सुचत नाही, आणि दुसरा मासा त्याच पाण्यात जातो.

बहुतेकांचा पहिला संशय क्लोरीनवर जातो. तो रास्तही आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. आपल्याला त्याचा त्रास नाही, पण माशाच्या कल्ल्यांची नाजूक त्वचा त्याने पोळते. पण काकूंनी पाणी दोन बादल्यांत रात्रभर उघडं ठेवलं होतं, आणि साधं क्लोरीन तेवढ्यात बरंचसं उडून जातं. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन वापरायचं. ते म्हणजे बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट, फोटोच्या डार्करूममधलं जुनं 'हायपो'. (परदेशातल्या वाचकांनी मात्र सावध राहावं. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, आणि ते रात्रभर ठेवून उडत नाही.) थोडक्यात, इथे क्लोरीनने मासे मेले नव्हते.

सुदैवाने काकू पाणी वाया घालवत नाहीत. टँकमधून काढलेलं जुनं पाणी कुंड्यांना घालायला बाल्कनीत एका बादलीत ठेवलेलं होतं. त्या बादलीमुळेच सगळा उलगडा झाला.

एका नळीत बादलीतलं जुनं पाणी, दुसरीत टँकमधलं आत्ताचं. दोन्हींत पीएचच्या द्रावणाचे थेंब टाकले. (पीएच म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा; जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी.) जुनं पाणी हळदीसारखं पिवळं झालं, नवं निळंशार. पेनसारखा मीटर बुडवला तर जुन्या पाण्याचा पीएच ६ आणि नव्याचा ८. मग अमोनियाची चाचणी. यात पाणी पिवळं राहिलं तर उत्तम, हिरवं होत गेलं तर वाईट. दोन्ही नळ्या गर्द हिरव्या झाल्या. किटचा रंगपट्टा लिटरमागे आठ मिलिग्रॅमला संपतो, म्हणून दोन्ही पाणी चौपट पातळ करून पुन्हा मोजली. जुन्या पाण्यात लिटरमागे सुमारे १६ मिलिग्रॅम अमोनिया, नव्यात ८. पाणी अर्धं बदललं, अमोनियाही अर्धा झाला. हिशेब चोख.

मग १६ मिलिग्रॅममध्ये पोहणारे मासे ८ मिलिग्रॅममध्ये का मेले?

आता जरा रसायनशास्त्र. मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो हाच भाग. मासा आपल्यासारखा युरिया करत बसत नाही. प्रथिनं पचल्यावर उरलेला नायट्रोजन तो मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतो. पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात. एक मोकळा अमोनिया, ज्यावर विद्युतभार नाही. दुसरं अमोनियम, म्हणजे एक हायड्रोजन आयन चिकटलेला, धनभारित अमोनिया. पेशींचं आवरण स्निग्ध पदार्थाचं असतं. भार असलेला कण त्यातून सहजासहजी जात नाही, बिनभाराचा सरळ आरपार जातो. म्हणून अमोनियम माशाला फारसं बाधत नाही आणि मोकळा अमोनिया विषारी ठरतो. तो पाण्यात वाढला की माशाच्या रक्तातला अमोनिया बाहेर पडायचा थांबतो, उलट बाहेरचा आत शिरायला लागतो. आपलं किट मात्र दोन्हींची बेरीज दाखवतं.

या दोन रूपांतली वाटणी पीएच ठरवतो. पाणी आम्लधर्मी असेल तर हायड्रोजन आयन मुबलक असतात आणि जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियम बनून राहतो. पीएच एकाने वाढला की हायड्रोजन आयन दहापट कमी होतात आणि मोकळ्या अमोनियाचा वाटा जवळपास दहापट वाढतो. तापमान वाढलं तरी हा वाटा वाढतो. त्या दिवशी पाणी ३० अंशांवर होतं. ३० अंशांना पीएच ६ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.०८ टक्के मोकळा असतो, आणि पीएच ८ असताना साडेसात टक्के. आता गुणाकार करू. जुन्या पाण्यात १६ पैकी मोकळा अमोनिया फक्त ०.०१३ मिलिग्रॅम. नव्यात ८ पैकी ०.६ मिलिग्रॅम. एकूण अमोनिया निम्मा झाला आणि विष सेहेचाळीसपट वाढलं! ०.०५ मिलिग्रॅमलाही बरेच मासे आजारी पडायला लागतात. त्यात पीएचची दोन अंकांची उडी काही तासांत बसली, तिचा धक्का वेगळाच.

पण जुन्या पाण्याचा पीएच ६ वर आला कसा? इथे त्या तपकिरी, बुळबुळीत स्पंजकडे वळावं लागतं. ती बुळबुळ म्हणजे नुसती घाण नव्हे, जिवाणूंची वस्ती आहे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट, आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. सूर्यप्रकाश नको, साखर नको, नुसत्या अमोनियावर पोट भरतात. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे दाखवलं तेव्हा जीवशास्त्रात ती अगदी नवी गोष्ट होती. पाठ्यपुस्तकांत अजून नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर हीच जोडी असते. पण १९९० च्या दशकात गोड्या पाण्याच्या टँकांमधल्या जिवाणूंचा डीएनए तपासला, तेव्हा नायट्राइट खाणारा मुख्य जिवाणू नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा निघाला. आणि २०१५ मध्ये तर दोन संशोधक गटांनी अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा शोधून काढले. त्यांतल्या एका गटाला ते सापडले मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये! शंभरेक वर्षं हे काम दोघांनी वाटून घेतलंय असं आपण शिकत होतो, आणि ते एकट्याने करणारा गडी माशांच्या फिल्टरमध्येच बसलेला होता.

अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट ते आम्ल मुकाट्याने गिळतं, म्हणून पीएच जागेवर राहतो. पाण्याच्या या आम्ल गिळायच्या ताकदीला क्षारता म्हणतात, आणि टँकवाले तिला 'केएच' म्हणतात. अमोनियातला १ मिलिग्रॅम नायट्रोजन संपायला कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता खर्ची पडते. आता आपलं पाणी बघा. पुण्या-मुंबईला येतं ते सह्याद्रीतल्या धरणांचं, म्हणजे बेसाल्टवरून भराभर वाहून साठलेलं पावसाचं पाणी. ते मऊ असतं, शाळेतल्या भाषेत सुफेन. त्यात बायकार्बोनेटची ही शिल्लक मुळातच थोडी. काकू कित्येक महिने पाणी न बदलता आटेल तेवढं वरून भरत होत्या, आणि काका दिवसातून चार वेळा खाणं टाकत होते. शिल्लक संपली, पीएच घसरला. पीएच सहाच्या आसपास आला की या जिवाणूंचं कामही जवळजवळ थांबतं. मग अमोनिया साचत गेला, पण आम्लधर्मी पाण्यात अमोनियम होऊन निपचित पडून राहिला. मासे धडधाकट दिसत होते. त्याच सुमारास पाणीकपात सुरू झाली आणि सोसायटीत टँकर यायला लागला. बोअरवेलचं पाणी, जड, क्षारांनी भरलेलं, पीएच ८. नळ तोच, तोटी तीच, पण गच्चीवरच्या टाकीत वेगळंच पाणी होतं. शनिवारी ते टँकमध्ये ओतलं आणि महिनोन्‌महिने निपचित पडलेला अमोनिया एका संध्याकाळीत मोकळा झाला.

उपाय करताना गंमत अशी की आता भरपूर पाणी बदलणंच बरोबर होतं. टँक आणि नळ दोघांचा पीएच सारखाच झाला होता, त्यामुळे नवा धक्का बसणार नव्हता आणि अमोनिया तेवढा कमी होणार होता. दुपारपर्यंत तीनदा अर्धं अर्धं पाणी बदललं, प्रत्येक बादलीत हायपो टाकून. ऐन पाणीटंचाईत बादल्या मोजून द्याव्या लागत होत्या, म्हणून काढलेलं सगळं पाणी सोसायटीच्या बागेत नेलं. उरलेले दोन मासे संध्याकाळी खाली उतरले.

पण स्पंज पांढरा झाला होता, म्हणजे कामगारच उरले नव्हते. ई. कोलाय जिवाणू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. फिल्टरमधल्या या अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंना दुप्पट व्हायला बहुधा अर्धा ते एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणून नव्या टँकमध्ये त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. 'आज टँक आणा, आजच मासे सोडा' असं म्हणून बाटलीतले जिवाणू विकणाऱ्यांवर मी विसंबत नाही. त्यापेक्षा चालू टँकमधला मळका स्पंज मागून आणावा. माझ्या टँकमधला एक तुकडा कापून काकूंच्या फिल्टरमध्ये घातला. तरी आठवडाभराने नायट्राइट वर आलंच. ते रक्तात शिरून हिमोग्लोबिनला निकामी करतं, आणि ऑक्सिजन भरपूर असूनही मासा धापा टाकतो. यावर साधं मीठ चालतं, लिटरला एक ग्रॅम. मिठातला क्लोराइड आणि नायट्राइट दोघंही कल्ल्यांतल्या एकाच वाटेने आत जातात. क्लोराइडची गर्दी झाली की नायट्राइटला आत शिरायला जागा मिळत नाही.

वनस्पतींबद्दलही सांगायला हवं. हायड्रिला किंवा हॉर्नवर्टसारखी भराभर वाढणारी पाणवनस्पती अमोनियम थेट शोषते, बऱ्याचदा नायट्रेटच्याही आधी. सांडपाणी मिसळलेल्या मुळा नदीवर जलपर्णीचे गालिचे पसरतात ते याच खाद्यावर. घरातल्या टँकमध्ये हीच भूक कामाला येते. मात्र दाट झाडं असतील तर पीएच दुपारी मोजा. प्रकाशसंश्लेषणात झाडं कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, पीएच चढतो, आणि सकाळी निरुपद्रवी असलेला अमोनिया दुपारी तसा राहत नाही. आरओचं पाणी 'शुद्ध' म्हणून नुसतं तेच टँकमध्ये भरू नका. त्यात बायकार्बोनेट जवळपास नसतंच.

जुलैत टँकर बंद झाला आणि नळाला पुन्हा धरणाचं मऊ पाणी आलं. त्याआधीच मी काकूंना तिसऱ्यांचे शिंपले जपून ठेवायला सांगितलं होतं. उकळून, घासून, वाळवून त्यातले मूठभर फिल्टरमध्ये स्पंजच्या मागे ठेवले. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्लधर्मी व्हायला लागलं की तो जास्त विरघळतो आणि संपलेली शिल्लक भरून काढतो. आता दर रविवारी पाव पाणी बदललं जातं. स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोनदा दाबून परत बसवला जातो, आणि ते गढूळ पाणी काकू बाल्कनीतल्या तुळशीला घालतात. मागच्या आठवड्यात पीएच ७.४ होता, अमोनियाची नळी पिवळीच राहिली, आणि स्पंज पुन्हा छान तपकिरी झालाय.