आग विझल्यावरची आगगाडी

जुन्या घरांच्या मागच्या अंगणात तांब्याचा बंब असे. मधोमध उभी नळी, तिच्यात जळती लाकडं, भोवती पाणी. तो बंब आडवा करा, एका नळीच्या जागी पुष्कळ बारीक नळ्या घाला आणि तोंड पक्कं बंद करा: झाला वाफेच्या इंजिनाचा बॉयलर. खरा फरक त्या बंद तोंडाचा. उघड्या बंबातलं पाणी १०० अंशांवर जात नाही, पण बॉयलरमध्ये दाब दहा बारवर, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहापट, गेला की पाणी १८० अंशांपलीकडे तापतं आणि पत्र्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १०० टनांचा रेटा येतो. वीस-पंचवीस हत्तींचं वजन! हे प्रकरण कोणाच्या भरवशावर चालतं? वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेवर गेली सत्तरहून अधिक वर्षं मुख्यतः हौशी माणसांच्या.

ही रेल्वे १८६५ च्या सुमारास बांधली गेली ती ब्रिन एग्लुइस खाणीतला पाटीचा दगड टायविन गावापर्यंत आणण्यासाठी. ब्रिटनमधल्या बहुतेक रेल्वेकंपन्यांचं १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा ही एवढीशी गाडी त्या यादीत आलीच नाही. मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी खाण बंद पडल्यावरही ती तोट्यात चालू ठेवली. १९५० मध्ये ते वारले. त्याच ऑक्टोबरात अभियंता-लेखक टॉम रोल्ट आणि इतर काहींनी बर्मिंगहॅममध्ये सभा घेतली, आणि १४ मे १९५१ ला स्वयंसेवकांच्या संस्थेनं पहिली गाडी सोडली. हौशी लोकांनी रेल्वे वाचवून चालवण्याचं जगातलं हे पहिलं उदाहरण मानतात.

त्यांच्या हाती आलं काय? कुजलेले स्लीपर, झिजलेले रूळ, आणि रुळांना कसंबसं जागेवर धरून ठेवणारं गवत. चालू अवस्थेत एकच इंजिन, १८६६ चं ‘डॉल्गॉच’. म्हणून शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं प्रत्येकी २५ पौंडांना घेतली. त्यांतलं एक रुळांवर ठेवलं, तर ते सारखं घसरायचं. दोन्ही रेल्वेंचं रुळांतलं अंतर कागदोपत्री एकच, २ फूट ३ इंच. मग घसरतं का?

कारण भूमितीत होतं. ताठ बांधणीचं इंजिन वळणावर म्हणजे कंसावर ठेवलेली सरळ पट्टी. पुढच्या आणि मागच्या आसांतलं अंतर जितकं जास्त, तितकी चाकं वळणावर रुळांना घासतात. ‘डॉल्गॉच’ला ही घासण होऊ नये म्हणून टॅलिलिनचे रूळ अंदाजे अर्धा इंच जास्त फाकवून टाकले होते. तिथल्या मूळ इंजिनांच्या चाकांचा पाटा रुंद असल्यानं ती सहज तरून जात. कॉरिसच्या इंजिनाची चाकं अरुंद, त्यामुळे जराशा सैल जागी ती थेट रुळांच्या मध्ये उतरत. शेवटी रूळ पुन्हा योग्य अंतरावर टाकावे लागले, आणि जुन्या इंजिनांची चाकंही त्याप्रमाणे बदलावी लागली.

आपल्या नेरळ-माथेरान गाडीपुढे हाच प्रश्न कितीतरी कडक होता, कारण तिथली वळणं भलतीच आवळ. १९०७ च्या जर्मन इंजिनांत त्याला वेगळं उत्तर सापडतं: पुढच्या आणि मागच्या आसांवर पोकळ नळकांडी चढवलेली, त्यामुळे चाकांना वळणावर थोडं सरकता येई. त्यांतलं ७४० क्रमांकाचं इंजिन पुढे इंग्लंडमधल्या लेटन बझर्ड रेल्वेच्या ताफ्यात गेलं. तीही स्वयंसेवकांचीच.

हौशी माणूस म्हटला की जुनं ते जसंच्या तसं जपणारा, असा आपला समज असतो. टॅलिलिनवाले तसे नव्हते. इंजिनाची ‘छुक छुक’ म्हणजे दट्ट्या ढकलून झाल्यावर सिलिंडरमधून सुटलेली वाफ. ती धुराड्याच्या तळाशी एका तोंडातून जोरानं वर सोडतात. जाताना ती सोबत धूर ओढून नेते, आणि त्या ओढीनं पलीकडच्या टोकाला आगीत ताजी हवा शिरते. गंमत अशी की चढावर इंजिन जास्त कष्ट करतं तेव्हा जास्त वाफ सुटते, ओढ वाढते आणि आगही आपोआप भडकते. भाता चालवायला वेगळा माणूस नको! मात्र वाफेला त्या तोंडातून बाहेर ढकलायला सिलिंडरची काही शक्ती वाया जाते. हा तोटा कमी करणारं ‘गीझल इजेक्टर’ नावाचं चपटं, लांबट धुराडं एका ऑस्ट्रियन अभियंत्यानं काढलं होतं. ब्रिटनमध्ये ते सगळ्यांत आधी १९५८ मध्ये लागलं ते या चिमुकल्या रेल्वेच्या ‘एडवर्ड थॉमस’ इंजिनावर. १९६९ मध्ये ते काढून पुन्हा साधं गोल धुराडं बसवलं. मला दिसण्यात साधंच बरं वाटतं, पण तो शास्त्रीय निकष नव्हे.

फोटो सगळे धावत्या गाडीचे निघतात. स्वयंसेवकांचे बरेचसे तास मात्र आग विझलेल्या इंजिनाभोवती जातात, कारण बॉयलरचा मोठा शत्रू पाणीच. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरची कॉइल पाहिली असेल तर वेगळं सांगायला नको. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात आणि पत्र्यावर पांढरा थर धरतात. या थरातून उष्णता पोलादाच्या मानानं कितीतरी हळू जाते. एका बाजूला धगधगती आग, दुसऱ्या बाजूला उष्णता उचलून नेणारं पाणी थराआड अडलेलं. मधला पत्रा अवाजवी तापून मऊ पडतो. पाणी अगदी मऊ असलं तरी सुटका नाही. त्यात विरघळलेला प्राणवायू पोलादाला बारीक खड्डे पाडत गंजवतो.

म्हणून ठरावीक दिवसांनी बॉयलर धुतात. आधी तो आपला आपण थंड होऊ द्यायचा. घाई करून गार पाणी सोडलं तर तापलेला पत्रा आणि नळ्या वेगवेगळ्या वेगानं आक्रसतात आणि सांधे गळू लागतात. मग तळाची झाकणं आणि बुचं उघडायची, पाण्याचा फवारा मारायचा, सळ्यांनी कोपरे खरवडायचे, आरसा आणि विजेरी घेऊन आत पाहायचं. काळा-तपकिरी गाळ बाहेर येतो. अर्जेंटिनाचे अभियंते लिव्हिओ दांते पोर्टा यांनी पाणी मुद्दाम अल्कधर्मी ठेवून क्षार पत्र्याला न चिकटता सुटा गाळ होऊन राहतील अशी पद्धत बसवली, आणि फेस येऊ नये म्हणून त्यात वेगळं रसायन घातलं. तिच्यामुळे धुण्याच्या पाळ्या लांबतात, आणि हौशी गाड्यांवर आज ती बऱ्याच ठिकाणी वापरतात.

आग जळते त्या पेटीच्या, म्हणजे फायरबॉक्सच्या, आतल्या आणि बाहेरच्या भिंती एकमेकींना धरून ठेवायला ओळीनं आडव्या खुंट्या असतात. भिंती वारंवार आणि कमी-जास्त तापून प्रसरण पावतात, त्यामुळे खुंट्या पुढे-मागे वाकून केव्हातरी तुटतात. खुंटी आत तुटली तर बाहेरून कळायचं कसं? तिच्या टोकाला आधीच एक बारीक भोक पाडून ठेवतात. तडा त्या भोकापर्यंत पोचला की पाणी किंवा वाफ बाहेर फुसफुसते. अनुभवी माणूस हातोडीनं ठोकूनही ओळखतो. धड खुंटी खणखणते, तुटकी बद्द वाजते, मडकं विकत घेताना आपण वाजवून पाहतो तसंच. फायरबॉक्सच्या माथ्यावर शिशाचं बूच असतं. पाणी त्याच्याखाली उतरलं की शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि वाफ आगीवर सुटते. घरच्या कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं हेच तत्त्व.

दहाएक वर्षांनी इंजिन पुरतं सुटं करून नळ्या बदलतात. मग बॉयलर काठोकाठ पाण्यानं भरून रोजच्या दाबाहून जास्त दाब देतात. हवेनं नव्हे, पाण्यानंच, कारण पाणी जवळजवळ दबत नाही आणि त्यात फारशी ऊर्जा साठत नाही. पत्रा फाटलाच तर पाणी सांडतं. हवा असती तर बॉम्ब झाला असता.

अलीकडे एक नवी चिंता आली आहे, ती कोळशाची. वेल्समधली फोस-इ-फ्रान ही मोठी उघडी खाण २०२३ च्या अखेरीस बंद झाली. तिथला दगडी कोळसा कमी धुराचा आणि चांगल्या धगीचा होता. आता परदेशी कोळसा आणि शेतीतला टाकाऊ माल मिसळून केलेल्या वड्या वापरून पाहिल्या जात आहेत. त्या वेगळ्या तऱ्हेनं जळतात, त्यांची राखही वेगळी. त्यामुळे आगीचा थर किती जाड ठेवायचा आणि हवा कुठून किती द्यायची, हे फायरमनना प्रत्येक इंजिनावर पुन्हा बसवावं लागतं. आणि संध्याकाळी आग उतरली की जाळीवर काय उरलं, हेही कोणीतरी वाकून पाहतंच.