प्रोग्रॅमिंग व अल्गोरिदमचा ‘स्वयम्’ अभ्यासक्रम : नावनोंदणी, परीक्षा अर्ज आणि श्रेयांक

चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक माधवन मुकुंद यांचा पायथन या संगणकभाषेवर आधारित प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स (माहिती मांडून ठेवण्याच्या रचना) व अल्गोरिदमचा (प्रश्न सोडवण्याच्या पायरीवार रीतींचा) आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमामार्फत शिकवला जातो. शाळेतल्या मसाविपासून सुरुवात करून तो शोध, क्रमवारी, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणे) असे टप्पे घेत डायनॅमिक प्रोग्रॅमिंगपर्यंत (छोट्या भागांची उत्तरे जपून मोठा प्रश्न सोडवण्यापर्यंत) नेतो. गोव्यातील पदवी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी : अभ्यासक्रमाला नाव नोंदवणे, परीक्षेचा अर्ज भरणे आणि मिळालेले श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरले जाणे ही तीन वेगवेगळी कामे असून पहिले झाले म्हणून पुढची दोन आपोआप होत नाहीत.

नावनोंदणी विनामूल्य असून तिला शैक्षणिक पात्रतेची अट नाही. बारावीपर्यंतचे गणित आणि रोज तासभर संगणकावर बसण्याची तयारी असली की पुरे. अभ्यासक्रमाची सत्रे साधारणतः जानेवारी व जुलैमध्ये सुरू होतात. ज्या ई-मेलने नाव नोंदवले, तोच परीक्षेच्या अर्जातही द्यावा, अन्यथा स्वाध्यायांचे गुण परीक्षेशी जोडले जात नाहीत.

परीक्षेचा अर्ज सत्र सुरू असताना, ठरावीक मुदतीतच भरावा लागतो. अलीकडच्या सत्रांत एका अभ्यासक्रमाचे शुल्क १००० रुपये असून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना प्रमाणपत्र जोडल्यास निम्मी सवलत मिळते. छायाचित्र आणि स्वाक्षरी अपलोड करावी लागते. नावाच्या बाबतीत गोव्यात विशेष सावध राहावे लागते, कारण आपल्याकडे आडनावांची पोर्तुगीज वळणाची जुनी स्पेलिंगे अजून टिकून आहेत आणि एकाच घरात आजोबांच्या कागदावरचा ‘नाईक’ व नातवाच्या आधार कार्डावरचा ‘नाईक’ रोमन लिपीत निराळे दिसतात. अर्जात लिहिलेलेच नाव प्रमाणपत्रावर छापले जात असल्याने ते दहावीच्या गुणपत्रिकेशी व ओळखपत्राशी अक्षरशः जुळवून घ्यावे, आणि दोहोंतच फरक असेल तर ओळखपत्राची दुरुस्ती अर्जाआधी करून घ्यावी.

गुणांची नेहमीची पद्धत अशी आहे : आठपैकी सर्वोत्तम सहा स्वाध्यायांच्या सरासरीला २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण, असे दोन्ही निकष पूर्ण व्हावे लागतात. एकातले जास्तीचे गुण दुसऱ्यातली तूट भरून काढत नाहीत. प्रोग्रॅमिंगच्या काही अभ्यासक्रमांत याशिवाय प्रोग्रॅम लिहिण्याची वेगळी चाचणी असते, म्हणून त्या सत्राचे अभ्यासक्रमाचे पान वाचूनच अर्ज करावा.

श्रेयांकांचे काम महाविद्यालयात करायचे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंतचे विषय ‘स्वयम्’वरून घेता येतात, मात्र हा अमुक अभ्यासक्रम आपल्या पदवीत धरला जाईल की नाही, हे ठरवणे विद्यापीठाच्या व महाविद्यालयाच्या हातात असते. म्हणून शुल्क भरण्याआधीच विभागप्रमुखांकडून किंवा ‘स्वयम्’च्या समन्वयकांकडून लेखी संमती घ्यावी (तोंडी होकार निकालानंतर कुणाला आठवत नाही), आणि श्रेयांक बँकेचे (विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेचे) खाते डिजिलॉकरमधून उघडून त्याचा १२ अंकी क्रमांक हाताशी ठेवावा.

परीक्षेच्या दिवशी छापील प्रवेशपत्र व मूळ ओळखपत्र सोबत न्यावे. केंद्र दुसऱ्या तालुक्यात आले असेल तर फेरीबोट किंवा बसच्या वेळा आदल्या दिवशीच पाहून ठेवाव्यात.