वारा कुणी झेलायचा?

फुल फेअरिंगची, म्हणजे अंगावर प्लास्टिकचं कवच असलेली मोटरसायकल साइड स्टँडवर उभी असेल तर तिचं हँडल पूर्ण डावीकडे वळवून बघा. चाक वळतं, पण हेडलाइट सरळ समोरच बघत राहतो. पहिल्यांदा अशी गाडी चालवणारा प्रत्येक जण रात्री पार्किंगमध्ये वळताना एकदा तरी गोंधळतो, कारण उजेड एकीकडे आणि गाडी भलतीकडे. कवच नसलेल्या, म्हणजे नेकेड गाडीचा दिवा मात्र हँडलबरोबर वळतो. हा फरक बारीक वाटतो, पण तो का आहे याचं उत्तर वाऱ्यात आहे. त्याच्याकडे परत येऊच.

नेकेड म्हणजे इंजिन, चासी, टाकी, सगळं उघडं. (या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधायचा नाद मी सोडला. 'नागडी गाडी' म्हटलं की गॅरेजमध्ये हशा पिकतो.) फेअरिंग म्हणजे त्याच सगळ्यावर चढवलेलं प्लास्टिकचं कवच आणि वर काच. दोघींची तुलना करायची तर आपल्याकडे सोय चांगली आहे. चाकणच्या कारखान्यातून केटीएमची नेकेड ड्यूक निघते आणि फेअरिंगवाली आरसीही निघते. बजाजची एनएस २०० आणि आरएस २०० याही अशाच सख्ख्या बहिणी. इंजिन जवळपास तेच, मग कट्ट्यावर एवढे वाद कशाचे? वाऱ्याचे आणि बसण्याचे.

आधी थोडा हिशेब. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला की रोध चौपट. तो रोध सतत ढकलत राहायला लागणारी शक्ती तर घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे आठपट. सरळ बसलेला चालक आणि नेकेड गाडी धरली, तर ताशी ६० किलोमीटरला वारा साधारण ९ किलो वजनाच्या जोराने मागे ढकलतो. १०० ला हाच आकडा २५ किलोपर्यंत जातो आणि इंजिनाची नऊएक हॉर्सपॉवर नुसती हवा बाजूला सारण्यात जाते. १२० ला सुमारे १६. दीडशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांची सगळी ताकद जवळपास एवढीच असते, म्हणून त्या तिथेच कुठेतरी दमतात. आपल्याला वाटतं इंजिन संपलं.

उलट बाजूने बघा. टायर रस्त्यावर घरंगळताना जो रोध होतो तो वेगाबरोबर फारसा बदलत नाही. गाडी आणि माणूस मिळून सव्वादोनशे किलो धरले तर तो चारसाडेचार किलोचा. म्हणजे साधारण ताशी चाळीसच्या खाली टायर भारी आणि त्याहून जास्त वेगाला वारा भारी. पुण्याच्या गर्दीतल्या लक्ष्मी रोडला फेअरिंगमुळे अॅव्हरेज वाढतं असं कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

आता एक गोष्ट, जी मला पहिल्यांदा कळली तेव्हा खरी वाटली नव्हती. समोरून बघितलं तर मोटरसायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून कारच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी जागा अडवतात. तरीही वाऱ्याचा रोध जवळपास कारएवढाच! कारण हवेला नुसता आकारमानाचा राग नसतो, आकाराचाही असतो. कारवरून हवा चिकटून, घसरत मागे जाते. मोटरसायकलवर तिला आरसे, दिवा, फॉर्क, गुडघे, खांदे, हेल्मेट असे शंभर अडथळे लागतात, आणि मुख्य म्हणजे माणसाच्या पाठीमागे ती सुटून भोवरे घालत बसते. तिथे दाब कमी होतो. म्हणून वारा आपल्याला समोरून ढकलतो तसाच मागूनही ओढतो. पाण्यात पोहणाऱ्या माशाची शेपटी निमुळती का असते, याचं उत्तर हेच. आणि फेअरिंग मासा पुढून बनवतं, मागून नाही. मागून आपली पाठ आणि तिच्यावरची सॅकच असते.

त्यामुळे फेअरिंगच्या श्रेयातला मोठा वाटा खरं तर बसण्याच्या पद्धतीला जातो. काचेमागे वाकून, कोपरं आत घेतली तरच कवचाचा पुरेपूर उपयोग होतो. ताठ बसलात तर छाती आणि हेल्मेट काचेच्या वरून बाहेर, आणि अर्धा फायदा तिथेच गेला. वाकून बसायचं तर हँडल खाली हवं, आणि खाली हँडल म्हणजे शहरात सगळं वजन मनगटांवर. गंमत अशी की हायवेला वेग वाढला की वाराच छातीला थोडा आधार देतो आणि मनगटं सुटतात. सिग्नलला ज्या गाडीला शिव्या घालतो तीच शंभरीच्या आसपास आरामशीर वाटायला लागते.

या कवचाचा बराचसा इतिहास इटलीत घडला. कोमो सरोवराकाठी मांडेल्लो देल लारियो गावात मोटो गुझ्झी या मोटरसायकल कंपनीने १९५० च्या सुमारास स्वतःचा पवनबोगदा बांधला. आख्खी गाडी, तिच्यावर माणूस, आणि समोरून वारा. त्या काळच्या रेसच्या गाड्यांना मग पुढचं चाक पूर्ण गिळून टाकणारं गोल कवच आलं. इंग्रज त्याला कचरापेटीच म्हणत. सरळ रस्त्यावर वेग झकास वाढला, पण आडवा वारा आला की ती पेटी शिडासारखी वागायची. जोर पुढच्या बाजूला जास्त बसायचा आणि गाडीचं तोंडच वळायचं. १९५७ च्या हंगामानंतर या कवचांवर बंदी आली, पुढचं चाक उघडं दिसलंच पाहिजे असं ठरलं. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्या रेसच्या गाड्यांकडे बघून घडत गेल्या. आज कॉलेजच्या पार्किंगमधल्या यामाहा आर१५ चं पुढचं चाक मोकळं असतं त्याचं मूळ तिथे आहे. पुढे १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूने आर१००आरएस ही गाडी आणली. तिचं फेअरिंग पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या पवनबोगद्यात घासूनपुसून तयार झालं होतं. हेतू रेसचा नव्हता, लांब जाणाऱ्या माणसाला वारा-पावसापासून वाचवायचं होतं.

आडव्या वाऱ्याचा अनुभव घ्यायचा असेल तर साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जा. पवनचक्क्या उगीच तिथे उभ्या केलेल्या नाहीत. ताशी ६० ने जाताना बाजूने ३० चा वारा आला, तर गाडीला तो जवळपास २७ अंश तिरका लागतो. फेअरिंगचा सपाट गाल त्याला आयता सापडतो. आता तो न वळणारा दिवा आठवा. तो फेअरिंगमध्येच बसवलेला असतो, आणि फेअरिंग हँडलला नाही, चासीला बोल्टने बांधलेलं असतं. हँडलला बांधलं असतं तर वाऱ्याचा प्रत्येक फटका थेट पुढच्या चाकाला मिळाला असता. चासीला बांधल्यामुळे आख्खी गाडी थोडी सरकते, पण हँडल शांत राहतं.

नेकेडवर वाऱ्याला प्लास्टिक सापडत नाही, माणूस सापडतो. छातीवर झटका बसला की आपण घाबरून हँडल आवळतो आणि तोच झटका हातांतून चाकापर्यंत पोचवतो. पठारावर मी हे करून बसलोय. गाडी डुलायला लागली, मी आणखी आवळलं, ती आणखी डुलली. गुडघ्यांनी टाकी धरली, हात सैल सोडले, तेव्हा कुठे ती सरळ झाली. कंटेनरला ओव्हरटेक करतानाही हेच. मागून आलात की त्याच्यामागच्या भोवऱ्यात हेल्मेट थडथडतं, शेजारी पोचलात की सगळं एकदम शांत, आणि त्याच्या तोंडापाशी आलात की हवेची भिंत बाहेर ढकलते.

आवाजाची गोष्ट उलटी आहे. हायवेच्या वेगाला हेल्मेटमध्ये जो गडगडाट होतो तो इंजिनाचा नसतो, वाऱ्याचा असतो, आणि शंभर डेसिबलच्या घरात जातो. तासन्‌तास हे ऐकणं कानाला घातक आहे. लांब जाताना इअरप्लग घालणारे शहाणे. इथे फेअरिंग जिंकायला हवं, पण काच चुकीच्या उंचीची असेल तर तिच्या कडेवरून सुटलेले भोवरे नेमके हेल्मेटवर येऊन आदळतात. मी हौसेने नेकेडवर छोटी काच लावली. छातीवरचा वारा गेला आणि डोकं मिक्सरमध्ये घातल्यासारखं झालं. आठवड्यात काढून टाकली. सलग, स्वच्छ वारा फाटलेल्या वाऱ्यापेक्षा बरा.

उन्हाळ्यात काय? पुण्याचा माणूस म्हणेल, नेकेड, वारा लागतो. विदर्भातला हसेल. त्वचेचं तापमान असतं ३४-३५ अंशांच्या आसपास. हवा त्याहून थंड असेल तर वारा उष्णता नेतो. नागपुरात मे महिन्यात हवा ४५ ला असते, तेव्हा तोच वारा उष्णता आणून देतो. गारवा येतो तो फक्त घाम वाळण्यातून, आणि वारा घाम इतक्या झपाट्याने पितो की शरीरातलं पाणी कमी होतंय हे कळतही नाही. म्हणून तिकडची माणसं दुपट्ट्याने तोंड, कान, मान बांधूनच गाडी काढतात. ते त्यांचं कापडी फेअरिंगच. मात्र ट्रॅफिकमध्ये खऱ्या फेअरिंगची गाडी रेडिएटरची गरम हवा मांड्यांवर सोडते, तो त्रास वेगळा.

फेअरिंग मी सहा वर्षं वापरलं. एकदा चिखलात स्टँड रुतला, गाडी उभ्या उभ्या आडवी झाली. नेकेड असती तर क्रॅश गार्डला ओरखडा आला असता. इथे पॅनल फुटलं, आणि सुट्या भागाचं बिल बघून मीच आडवा व्हायचा बाकी होतो. प्लग बदलायचा तरी आधी पंधरा स्क्रू आणि क्लिपा काढायच्या, त्यातल्या दोन परत कधीच सापडायच्या नाहीत.

आता नेकेड आहे. कोल्हापूरला जाताना खंबाटकी उतरून पुढचा मोकळा रस्ता लागला की मी ऐंशीवर अॅक्सिलरेटर स्थिर धरतो आणि टाकीवर आडवा होतो. काटा हळूहळू ८४ ला जातो, फुकटात. मागे बायको असेल तर हा प्रयोग फार टिकत नाही. मी वाकलो की माझ्या वाट्याचा सगळा वारा तिच्या तोंडावर येतो आणि पाठीत बुक्की बसते.