मेंढपाळ कोकराचा पाय मोडत असे काय?

चुकार कोकराला वळण लागावे म्हणून मेंढपाळ त्याचा पाय मुद्दाम मोडत असे आणि तो बरा होईपर्यंत त्याला खांद्यावर वाहत असे, ही कथा ख्रिस्ताला उत्तम मेंढपाळ म्हणताना प्रवचनांतून वर्षानुवर्षे सांगितली जाते. बायबलमध्ये ती कोठेही नाही. त्यातील लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) 15व्या अध्यायात हरवलेले मेंढरू सापडताच मेंढपाळ त्याला आनंदाने खांद्यावर घेतो, एवढेच आहे. शिक्षेचा उल्लेखही नाही. शिवाय ही कथा व्यवहारालाही धरून नाही, कारण कळप रोज चाऱ्यापाण्यासाठी हिंडवायचा असताना लंगडे जनावर म्हणजे मेंढपाळाच्याच मानेवरचे ओझे.

बायबलच्या जुन्या करारातील यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 34व्या अध्यायात तर याच्या नेमके उलट आहे. तेथे ‘मेंढपाळ’ म्हणजे इस्राएलचे राज्यकर्ते, आणि मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, हाच त्यांच्यावरचा आरोप आहे. म्हणून ते काम देव स्वतःकडे घेतो. ख्रिस्तराजाच्या सणाला, जो पोप अकरावे पायस यांनी 1925 मध्ये सुरू केला, कॅथलिक उपासनेत तीन वर्षांतून एकदा याच अध्यायातील भाग मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायासोबत वाचला जातो, जेथे सिंहासनावरचा राजा मेंढपाळासारखी मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो.

रोममधील प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीतील प्राचीन भित्तिचित्रातही मेंढपाळाच्या खांद्यावर जनावर आहे. ही मांडणी ख्रिस्तपूर्व ग्रीक शिल्पांतही आढळते, आणि तेथेही मोडलेल्या पायाचा संबंध नाही.