ॲप आले म्हणजे पर्यटनस्थळ ‘स्मार्ट’ झाले का?

फुकट वायफाय, क्यूआर कोडच्या पाट्या आणि एखादे ॲप दिले की पर्यटनस्थळ ‘स्मार्ट’ होते आणि तिथला विकास आपोआप टिकतो, हा समज बरीच वर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

‘स्मार्ट’ पर्यटनस्थळाची कल्पना स्पेनने पद्धतशीर राबवली. तिथल्या सेगितूर या सरकारी संस्थेच्या चौकटीत कारभार, नवोन्मेष, तंत्रज्ञान, सुगम्यता आणि शाश्वतता असे पाच आधार आहेत. म्हणजे तंत्रज्ञान पाचांतले एक, आणि पहिलेही नाही.

फिलिपिन्समधले बोराकाय बेट पाहा. पर्यटक, प्रसिद्धी, पैसा कशाचीच वानवा नव्हती. वानवा होती ती सांडपाण्याच्या व्यवस्थेची. अनेक ठिकाणचे मैलापाणी थेट समुद्रात जात होते. अखेर एप्रिल २०१८ मध्ये सरकारने बेट सहा महिने पर्यटकांसाठी बंद केले, हजारोंचा रोजगार थांबला. पुन्हा उघडताना एका वेळी १९,२१५ पर्यटकांची मर्यादा घातली. आता अशी मर्यादा पाळायची तर आगाऊ नोंदणी हवी, रोजची मोजणी हवी. तंत्रज्ञान इथे खरे उपयोगी पडते. पण मर्यादा घालायची हा निर्णय ॲप घेत नाही. (आणि नळाला पाणीही आणत नाही.)

नव्याने पुढे येणाऱ्या प्रदेशांत आणखी एक अडचण असते. बुकिंग बाहेरच्या कंपनीकडून होते, त्यामुळे कमिशन बाहेर जाते आणि माहितीही. किती घरे पर्यटकांना भाड्याने दिली जातात, हेच स्थानिक प्रशासनाला ठाऊक नसते. मग पाणी आणि कचऱ्याचे नियोजन अंदाजाने चालते.